ड्युअल झिऑन वर्कस्टेशन: बोर्डावर दोन प्रोसेसर आहेत, पण ऑपरेटिंग सिस्टीमला किती दिसतात?

वापरलेल्या संगणकांच्या बाजारात इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही३ आणि व्ही४ मालिकेची दोन प्रोसेसरवाली वर्कस्टेशन्स भरपूर आहेत. जाहिरातीत ठळक आकडा असतो: २८ कोअर, ५६ थ्रेड. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक धार; इथे दर कोअरला दोन. आकडा खोटा नाही. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर, बोर्डावर असे दोन. पण त्या यंत्रावर विंडोज होम टाकलं तर १४ कोअर कामाला लागतात आणि दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. शेजारच्या एका सॉकेटच्या, १६ कोअरच्या रायझन ९ वर मात्र तेच विंडोज होम सगळे १६ कोअर वापरतं. बिघाड कुठेच नाही. मोजण्याची पद्धत तशी आहे, आणि पैसे मोजण्याआधी ती समजून घेतलेली बरी.

हे परीक्षण वेगाच्या तक्त्यांचं नाही. दोन सॉकेटचं यंत्र कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमशी जमवून घेतं, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच इथे पाहिलं आहे. तुलनेला एका सॉकेटमधले आजचे अनेक कोअरवाले प्रोसेसर घेतले आहेत.

परवाना सॉकेटचा

बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसतं ते अख्खं पॅकेज म्हणजे एक प्रोसेसर. आत २ कोअर असोत की ६४, विंडोजच्या परवान्याच्या हिशेबात तो एकच. मायक्रोसॉफ्टने हे ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर केलं, म्हणजे पेंटियम डी आणि अॅथलॉन ६४ एक्स२ हे डेस्कटॉपसाठीचे ड्युअल कोअर २००५ मध्ये बाजारात येण्याच्या आधी. त्यामुळे एक्सपी होमला एक सॉकेट आणि एक्सपी प्रोफेशनलला दोन, ही विभागणी आजवर जवळपास तशीच चालत आली. विंडोज ७ मध्ये होम प्रीमियमला एक, प्रोफेशनल आणि अल्टिमेटला दोन. विंडोज १० आणि ११ मध्ये होमला एक, प्रोला दोन, प्रो फॉर वर्कस्टेशन्सला चार. कोअर २ क्वाडच्या पॅकेजमध्ये प्रत्यक्षात सिलिकॉनच्या दोन वेगळ्या चकत्या होत्या, तरी सॉकेट एकच, म्हणून होमवर चारही कोअर चालत.

सॉकेटखेरीज लॉजिकल प्रोसेसरच्या, म्हणजे सिस्टीमला दिसणाऱ्या थ्रेडच्या, संख्येचीही मर्यादा असते. ३२ बिट विंडोजला ती ३२ आहे. ६४ बिट विंडोज ७ ला २५६. घरगुती यंत्र या मर्यादेपाशी सहसा पोहोचत नाही.

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर अडकलेल्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. विंडोज २००० ला सॉकेट आणि कोअर यांतला फरक कळतच नाही. ती प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर हा स्वतंत्र प्रोसेसर धरते. विंडोज २००० प्रोफेशनलची मर्यादा दोन, म्हणून एका सॉकेटमधल्या चार कोअरच्या चिपवरही दोनच चालतात. विंडोज ९८ आणि एमई तर एकाच्या पलीकडे मोजत नाहीत. १९९९ च्या अॅबिट बीपी६ बोर्डावर दोन सेलेरॉन बसवून लोक खूश होत, पण दुसऱ्याचा उपयोग एनटी, विंडोज २००० किंवा लिनक्सवरच व्हायचा. एक्सपीमध्ये आणखी एक गोम होती. एका कोअरच्या यंत्रावर एक्सपी चढवून नंतर ड्युअल कोअर बसवला, तर हार्डवेअरशी बोलणारा एचएएल थर जुनाच राहायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम्प्युटर'खाली 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी' असं आलं नसेल, तर दुसरा कोअर दिसत नसे. व्हिस्टापासून मल्टिप्रोसेसर कर्नल एकच आहे आणि हा ताप संपला.

तपासणी सोपी आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा आणि आलेखाखाली सॉकेट्स, कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स हे तीन आकडे वाचा. दोन प्रोसेसरच्या यंत्रावर सॉकेट १ दिसत असेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथेही एकच दिसला तर दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा जोडणीत आहे, विंडोजला बोल लावू नका. बायोसमध्ये दोन आणि विंडोजमध्ये एक असेल, तर बहुधा आवृत्ती होम आहे. सेटिंग्जमधल्या अॅक्टिव्हेशनच्या पानावर प्रोची की टाकली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की काम होतं, नव्याने इन्स्टॉल करावं लागत नाही.

आवृत्ती प्रो असूनही आकडा कमीच दिसत असेल, तर विंडोजमधलं एमएसकॉन्फिग हे सेटिंगचं साधन पाहा. बूटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' नावाचा चौकोन आहे. त्यात सर्वांत मोठा आकडा निवडला की संगणक वेगवान होतो, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साफ चुकीचा. हा पर्याय संख्या वाढवत नाही, फक्त कमी करतो. चाचणीसाठी ठेवलेला आहे. कधीकाळी कुणी तिथे ४ निवडलेलं असतं, पुढे प्रोसेसर बदलतो आणि विंडोज इमानेइतबारे चारच कोअर वापरत राहतं. खूण काढून टाका.

विंडोज ११: इथे यंत्र नापास

विंडोज ११ च्या अटीत दोन किंवा अधिक कोअर लागतात, सॉकेट एकाहून जास्त चालतात. अडचण वेगळीच आहे: ई५-२६०० मालिकेची एकही पिढी मान्य प्रोसेसरांच्या यादीत नाही. इन्स्टॉलर नकार देतो. पळवाटांनी चढवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे रोजच्या विंडोज डेस्कटॉपसाठी हे यंत्र आता घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विंडोज सर्व्हर २०२२ यावर चालतो, पण त्याचा परवान्याचा हिशेब निराळा, तो पुढे येतोच.

६४ ची भिंत

दोन १४ कोअरचे प्रोसेसर म्हणजे ५६ लॉजिकल प्रोसेसर, तोवर चिंता नाही. 'आणखी थोडे पैसे टाकून मोठे घेऊ' म्हणत १८ कोअरचे ई५-२६९७ व्ही४ दोन बसवले की संख्या ७२ होते आणि विंडोजचा नूर पालटतो. विंडोजमध्ये कोणता थ्रेड कुठे चालू शकतो याची नोंद ६४ बिटांच्या एका शब्दात असते, एका प्रोसेसरला एक बिट. त्यापुढे गेलं की विंडोज ७ पासून प्रोसेसर गट पाडले जातात. ७२ चे ३६ आणि ३६ असे दोन गट होतात. विंडोज १० पर्यंत एखादा प्रोग्रॅम सुरू झाला की तो एकाच गटात अडकतो, दुसऱ्या गटात जायचं तर त्याच्या लेखकाने तशी खास सोय करायला हवी. परिणाम असा की रेंडरिंग लावलं आणि टास्क मॅनेजर ५० टक्क्यांवर खिळून बसला. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ मध्ये प्रोग्रॅमला आपोआप सगळे गट मोकळे होतात. तरीही जुन्या पद्धतीने 'प्रोसेसर किती?' असं विचारणाऱ्या प्रोग्रॅमला उत्तर आपल्या गटापुरतंच मिळतं, म्हणून तो ३६ थ्रेडच तयार करतो.

यावर फुकटचा उपाय आहे. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरचे दोन थ्रेड दाखवण्याची सोय, बंद करा. ७२ चे ३६ होतात, गट एकच राहतो आणि हट्टी प्रोग्रॅमलाही दोन्ही प्रोसेसरमधले सगळे खरे कोअर मिळतात. अर्धे थ्रेड गेले म्हणून जीव हळहळतो, पण अशा प्रोग्रॅमसाठी ३६ खरे कोअर हे १८ कोअर आणि त्यांच्या १८ सावल्यांपेक्षा केव्हाही चांगले.

गटांची ही भानगड सॉकेटमुळे होत नाही, हेही सांगायला हवं. २०२० चा थ्रेडरिपर ३९९०एक्स एकाच सॉकेटचा आहे, पण ६४ कोअर आणि १२८ थ्रेडमुळे त्याचेही दोन गट पडतात.

रॅम कुणाच्या दारात?

दोन सॉकेटच्या यंत्राचा खरा स्वभाव इथे कळतो. प्रत्येक झिऑनला स्वतःचा मेमरी कंट्रोलर आणि रॅमचे चार चॅनेल असतात. एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असेल तर क्यूपीआय नावाच्या पुलावरून जावं लागतं. या रचनेला न्यूमा म्हणतात, आणि एक प्रोसेसर व त्याची रॅम मिळून एक नोड. व्ही४ मध्ये डीडीआर४-२४०० चे चार चॅनेल मिळून सैद्धांतिक ७६.८ जीबी प्रति सेकंद मिळतात. पुलाच्या दोन लिंक ९.६ जीटी प्रति सेकंदाने चालल्या तरी एका दिशेला ३८.४ जीबीच जातात, शिवाय जाण्यायेण्याचा उशीर वेगळा. थ्रेड एका प्रोसेसरवर आणि त्याचा डेटा दुसऱ्याच्या रॅममध्ये, म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी.

ऑपरेटिंग सिस्टीमला ही रचना कळली तर ती थ्रेड आणि डेटा एकाच बाजूला ठेवण्याचा प्रयत्न करते. आजचं विंडोज प्रो आणि कोणतंही लिनक्स हे करतं. त्यांच्या मार्गात अडथळे येतात ते दोन प्रकारचे. पहिला बायोसमधला 'नोड इंटरलीव्हिंग' हा पर्याय. तो चालू असेल तर दोन्हीकडची रॅम आलटूनपालटून वापरून एकसंध दाखवली जाते. सिस्टीमला एकच नोड दिसतो आणि साधारण निम्म्या फेऱ्या कायम पुलावरून होतात. न्यूमा न कळणाऱ्या फार जुन्या सिस्टीमसाठी हे ठीक. आज तो बंदच हवा. नाव फसवं आहे: बंद केला की न्यूमा चालू होतं.

दुसरा अडथळा रॅमच्या मांडणीचा, आणि वापरलेल्या यंत्रांत तो फार आढळतो. विकणारा चार पट्ट्या घालतो, त्या चारही पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला. दुसऱ्या प्रोसेसरकडे स्वतःची रॅम शून्य, त्याची प्रत्येक फेरी पुलावरून. यंत्र कुरकुर करत नाही, फक्त अपेक्षेपेक्षा हळू चालतं आणि दोष विंडोजवर जातो. योग्य मांडणी म्हणजे दोन्हीकडे चार-चार, एकूण आठ सारख्या पट्ट्या, प्रत्येक चॅनेलला एक. कोणत्या खाचा आधी भरायच्या ते झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्या खाचांचे रंग दर कंपनीत निराळे, त्यामुळे अंदाजपंचे काम नको.

विंडोजवर एखादं जड काम मुद्दाम एका बाजूला बांधायचं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमधल्या 'स्टार्ट' आज्ञेला 'नोड' हा पर्याय देता येतो. दोन स्वतंत्र कामं चालवायची असतील तर एक नोड ० वर आणि एक नोड १ वर. ड्युअल सॉकेट यंत्र सर्वांत छान चालतं ते असंच: एकमेकांशी फारसं न बोलणारी दोन मोठी कामं. एकच काम सगळ्या कोअरवर पसरवलं आणि त्याचे थ्रेड सतत तोच डेटा हाताळू लागले, की निम्मी ताकद पुलावर खर्च होते.

लिनक्सवर

इथे सांगण्यासारखं थोडं, आणि तीच त्याची वाखाणणी. १९९६ च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स एकाहून जास्त प्रोसेसर हाताळतं. सॉकेटचा परवाना नाही, होम आणि प्रो असे भेद नाहीत, ६४ ची भिंत नाही. 'एलएससीपीयू' चालवलं की सॉकेट, प्रति सॉकेट कोअर, प्रति कोअर थ्रेड आणि न्यूमा नोड हे सगळं समोर येतं. 'न्यूमासीटीएल'ला हार्डवेअर दाखवायला सांगितलं की प्रत्येक नोडची रॅम आणि अंतरांचा छोटा तक्ता मिळतो: स्वतःच्या रॅमला १०, पलीकडच्या रॅमला साधारण २० किंवा २१. हे नॅनोसेकंद नव्हेत, सापेक्ष आकडे आहेत. एखाद्या नोडपुढे रॅम ० एमबी दिसली तर समजा पट्ट्या एकाच बाजूला आहेत. त्याच साधनाने प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही एका नोडला बांधताही येतात.

व्हर्च्युअल मशीनमधला घोळ

अशी यंत्रं बरेच जण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातले आभासी संगणक, चालवण्यासाठीच घेतात, आणि सॉकेट विरुद्ध कोअर हा प्रश्न तिथे पुन्हा उगवतो. पाहुण्या सिस्टीमला दिलेले आठ व्हर्च्युअल सीपीयू आठ सॉकेट म्हणून दाखवायचे की एका सॉकेटमधले आठ कोअर म्हणून, हे यजमान, म्हणजे खऱ्या यंत्रावरची सिस्टीम, ठरवतो. लिनक्समधल्या केव्हीएम या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर रचना सांगितली नाही तर प्रत्येक सीपीयू स्वतंत्र सॉकेट म्हणून दिसणं नेहमीचं आहे. मग विंडोज १० प्रो आठपैकी दोनच वापरतं आणि होम एक. मशीनच्या सेटिंगमध्ये सॉकेट १, कोअर ८, थ्रेड १ असं लिहा आणि पाहुणी सिस्टीम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. व्हीएमवेअरमध्ये हाच पर्याय 'कोअर्स पर सॉकेट' या नावाने आहे.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या बाबतीत तर याने डोळे उघडतात. त्याच्या एक्सप्रेस आवृत्तीची मर्यादा एक सॉकेट किंवा चार कोअर, यांपैकी जे कमी ते. चार सीपीयू चार सॉकेट म्हणून दिले तर डेटाबेस एकाच कोअरवर रखडतो. तेच एका सॉकेटचे चार कोअर म्हणून दिले की चारही कामाला लागतात. २०१९ च्या स्टँडर्ड आवृत्तीला चार सॉकेट किंवा २४ कोअर ही सीमा आहे, म्हणजे आठ सॉकेट दाखवलेल्या मशीनवर निम्मे वाया. दोन आकडे बदलायचे, खर्च शून्य.

विंडोज सर्व्हरचा हिशेब २०१६ पासून कोअरवर आहे. दर प्रोसेसरला किमान ८ आणि दर सर्व्हरला किमान १६ कोअरचा परवाना घ्यावा लागतो. दोन १४ कोअरचे झिऑन म्हणजे २८ कोअरचे पैसे. आजच्या एका १६ कोअरच्या प्रोसेसरला १६ चे. जुने, मंद कोअर इथे महाग पडतात. यंत्र स्वस्त मिळालं म्हणून हुरळलेल्यांनी हा आकडा आधी मांडावा.

जे ऑपरेटिंग सिस्टीमचं नाही

दुसरं सॉकेट रिकामं असेल तर त्याच्याशी जोडलेल्या रॅमच्या खाचा आणि पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉटही मृत असतात. ग्राफिक्स कार्ड दिसत नाही म्हणून ड्रायव्हर बदलत बसण्यापेक्षा कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. ई५-१६०० मालिका एका सॉकेटपुरतीच आहे, जोडीने चालत नाही. ई५-२६०० जोडीने चालते, पण दोन्ही एकाच मॉडेलचे आणि एकाच स्टेपिंगचे, म्हणजे चिपच्या एकाच सुधारित आवृत्तीचे, घ्या. एएमडी एपिकमध्ये नावाच्या शेवटी 'पी' असेल तर तोही एकट्यानेच चालतो.

एकच सॉकेट म्हणजे बिनधोक?

तसंही नाही. २०१८ चा थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्स एका सॉकेटमध्ये ३२ कोअर देई, पण आतल्या चार चकत्यांपैकी दोनच रॅमशी थेट जोडलेल्या होत्या. काही कामांत त्याच चिपवर लिनक्स विंडोजच्या बरंच पुढे असायचं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या अल्डर लेकमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर आले. कोणतं काम कुठे टाकायचं हे विंडोज ११ प्रोसेसरच्या थ्रेड डायरेक्टरला विचारून ठरवतं, विंडोज १० कडे ती सोय नाही. काही खेळांच्या कॉपीविरोधी यंत्रणेला तर छोटे कोअर म्हणजे दुसराच संगणक वाटायचा आणि खेळ चालू होत नसे. बोर्ड कंपन्यांनी त्यासाठी बायोसमध्ये जुन्या खेळांचा पर्याय दिला, स्क्रोल लॉक दाबला की छोटे कोअर झोपतात. पण ही दुखणी अपडेटने किंवा एका बटणाने आटोक्यात येतात, परवान्याची वा यादीची भिंत तशी हलत नाही.

म्हणून निवड अशी. विंडोज डेस्कटॉप, खेळ, छायाचित्रं, ऑफिसचं काम: एका सॉकेटचं, आजच्या पिढीचं यंत्र. ई५-२६८० व्ही४ चा एक कोअर टर्बोमध्ये ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तर २०२२ चा रायझन ९ ७९५०एक्स ५.७ पर्यंत, आणि प्रत्येक फेरीत तो कामही जास्त उरकतो. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, मोठ्या प्रोग्रॅमचं कंपाइलिंग, शंभराच्या वर जीबी रॅम किंवा चार-पाच पीसीआय एक्सप्रेस कार्डं लागत असतील तर ड्युअल झिऑन आजही पैसा वसूल आहे. दोन प्रोसेसर मिळून पीसीआय एक्सप्रेसच्या ८० लेन आणि रॅमचे आठ चॅनेल देतात, ते डेस्कटॉप प्रोसेसरला जमत नाही. वीजबिल आणि पंख्याचा आवाज मात्र दुप्पट धरून चाला. एकट्या ई५-२६८० व्ही४ चं उष्णतेचं मानांकन १२० वॉट आहे.

घ्यायला जाल तेव्हा लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. विकणाऱ्याच्या विंडोजवर विसंबू नका, तिथे होम असू शकतं. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करा. एलएससीपीयूमध्ये सॉकेट २ आणि न्यूमा नोड २ दिसायला हवेत. सॉकेट २ पण नोड १ असेल तर नोड इंटरलीव्हिंग चालू आहे, बायोसमध्ये बंद करता येतं. मग दोन्ही नोडांची रॅम पाहा. एका बाजूला शून्य असेल तर झाकण उघडून निम्म्या पट्ट्या पलीकडे लावायला सांगा आणि पुन्हा चालू करून बघा. पलीकडच्या खाचांत पट्टी ओळखलीच गेली नाही, तर सॉकेटची एखादी पिन वाकलेली असण्याची शक्यता मोठी. मग ते यंत्र तिथेच सोडून द्या.